मानावे, पण मागावे का?

येशूची आई मरिया हिला 'सह-उद्धारक' म्हणणे उचित नाही, असा निर्वाळा व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. पोप लिओ चौदावे यांच्या संमतीने निघालेल्या या टिपणात 'सर्व कृपांची मध्यस्थ' हे दुसरे बिरूदही जपून वापरा, असे बजावले आहे. कारण दिले आहे ते व्यवहारी: जे बिरूद उच्चारल्यावर दर वेळी लांबलचक खुलासा जोडावा लागतो, ते श्रद्धेच्या कामाचे नाही. 'सह-उद्धारक' या बिरुदाला अधिकृत सिद्धांताचा दर्जा मिळावा म्हणून पोपकडे सह्यांचे गठ्ठे पाठवणारी कॅथलिक मंडळी यावर नाराज झाली. प्रॉटेस्टंट गोटातून सूर निघाला, "पाचशे वर्षे आम्ही दुसरे काय सांगत होतो?"

नाराजीही फुकट आणि तोराही फुकट. टिपणाने मरियेचा मान काढून घेतलेला नाही. तिची माळ जपू नका किंवा तिच्याकडे प्रार्थना करू नका, असे त्यात कुठेही नाही. त्याने फक्त वादाची मूळ जागा पुन्हा दाखवून दिली आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या सोयीची नाही. पवित्र स्त्रियांना मान द्यावा की नाही, हा कॅथलिक-प्रॉटेस्टंट भांडणाचा विषय कधीच नव्हता. त्यांच्याकडे काही मागावे का, यावर भांडण होते आणि आहे.

धर्मसुधारणेची सुरुवातच मुळी एका संतिणीकडे केलेल्या मागण्यातून झाली. २ जुलै १५०५ रोजी एरफुर्टजवळच्या श्टोटरनहाइम गावाबाहेर वादळात सापडलेला एक कायद्याचा विद्यार्थी, वीज अगदी जवळ पडल्यावर, ओरडला तो येशूच्या नावाने नव्हे. त्याने मरियेच्या आईला, संत ॲनला, हाक मारली आणि वाचलो तर संन्यासी होईन, असा नवस बोलला. ॲन ही खाणकामगारांची रक्षणकर्ती. मुलाचा बाप तांब्याच्या खाणींच्या धंद्यातला. घरात जिचे नाव, तीच संकटात तोंडी आली. तो मुलगा म्हणजे मार्टिन ल्यूथर. पंधरवड्यात तो मठात गेला, आणि पुढे त्याने जे केले त्यात अशा नवसांचा आधारच उखडला गेला.

पण ल्यूथरने मरियेला हलके लेखले, हा समज खरा नाही. १५२१ मध्ये, बहिष्कृत अवस्थेत असताना, त्याने लूकच्या शुभवर्तमानातल्या मरियेच्या गीतावर भाष्य पुरे केले. त्यात तिच्याविषयीचा आदर जागोजागी आहे. ती अखेरपर्यंत कुमारी होती, हेही तो मानत राहिला. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातले एकविसावे कलम वाचले तर प्रॉटेस्टंट भूमिका स्वच्छ दिसते: संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या श्रद्धेचा आणि कामाचा कित्ता गिरवावा, मात्र त्यांचा धावा करावा, असे शास्त्र सांगत नाही. आधार पौलाचा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो म्हणतो की देव आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. ज्याला थेट भेटता येते त्याच्याकडे वशिला लावून जाणे हा त्याचाच अपमान, इतका सरळ हा मुद्दा आहे.

कॅथलिक उत्तरही तितकेच जुने आहे आणि वाटते तितके कच्चे नाही. शेजारणीला "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटल्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपण कमी होत नाही. मग ख्रिस्तात मेलेली माणसे त्याच्याजवळ जिवंतच आहेत म्हटल्यावर त्यांना तेच सांगितले तर काय बिघडले? शिवाय देवाची आराधना वेगळी, संतांना वंदन वेगळे आणि मरियेला त्याहून थोडे वरचे वंदन, अशी प्रतवारी मध्ययुगातल्या पंडितांनी काटेकोर लावून ठेवली आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने संतांचा धावा चांगला आणि उपयुक्त ठरवला, आणि त्याच ठरावात अंधश्रद्धा व पैशाचा बाजार बंद करण्याचा हुकूमही दिला. हुकूम द्यावा लागला, याचा अर्थ बाजार होता.

तो बाजार आणि तो मोडणाऱ्यांचे हात, दोन्ही पाहायचे तर इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातले वॉल्सिंगम पाहावे. मरियेच्या नाझरेथच्या घराची प्रतिकृती तिथे होती, आणि तिचे दूध म्हणून एका कुपीतला पांढरा पदार्थ यात्रेकरूंना दाखवला जाई. पंडित इरॅस्मस स्वतः कॅथलिक, पण तिथे जाऊन आल्यावर त्याने या दुधाची संवादरूपाने अशी टर उडवली की ती आजही बोचते. आठवा हेन्री १५११ मध्ये तिथे यात्रेला गेला होता, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या खर्चाने मरियेपुढे मेणबत्ती तेवत होती. १५३८ मध्ये त्याच राजाच्या माणसांनी तिथली मरियेची मूर्ती लंडनला नेली आणि चेल्सीला जाळली. तिथल्या मठाची जागा पुढे ९० पौंडांना विकली गेली. शास्त्राचा आधार खरा होता, दुधाची फसवणूकही खरी होती. पण हिशेबाच्या वहीत शेवटी राहिली ती जमीन. आणि गंमत अशी की ज्या राजाच्या माणसांनी ही मूर्ती जाळली, त्याच्याच अँग्लिकन चर्चच्या एका पाळकाने १९२२ मध्ये वॉल्सिंगमला मरियेची मूर्ती पुन्हा बसवली. आज तिथे अँग्लिकनांचे एक आणि कॅथलिकांचे एक, अशी दोन स्थाने आहेत आणि दोन्हीकडे यात्रा भरते.

कॅथलिक बाजूची चूक वेगळ्या जातीची. लोकांची भक्ती ऐच्छिक होती तोवर प्रॉटेस्टंटांना तिच्याशी जुळवून घेता आले असते. पण १८५४ मध्ये पायस नववे यांनी मरियेचा गर्भसंभव निष्कलंक असल्याचे, आणि १९५० मध्ये पायस बारावे यांनी तिचे सदेह स्वर्गारोहण झाल्याचे, बंधनकारक सिद्धांत म्हणून जाहीर केले. या दोन्ही गोष्टींचा बायबलमध्ये उघड उल्लेख नाही. प्रेमाने मानायची गोष्ट कायद्याने मानायची झाली, आणि चर्चऐक्याच्या वाटेत दोन नव्या भिंती उभ्या राहिल्या. रोमलाही हे जाणवत होते. २९ ऑक्टोबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मतदान झाले: मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा, की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर एक प्रकरण घालायचे? १,११४ विरुद्ध १,०७४. अवघ्या ४० मतांनी मरिया चर्चच्या वर न जाता चर्चच्या आत, श्रद्धावंतांच्या रांगेत, उभी राहिली. नोव्हेंबर २०२५ चे टिपण त्या ४० मतांचेच पुढचे पाऊल आहे.

धर्मपंडितांच्या बैठकीत वाद इथवर मिटण्याजोगा आहे. अँग्लिकन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी २००५ मध्ये मरियेवर संयुक्त निवेदन काढून बरेच अंतर तोडलेही. पण बैठकीतली प्रतवारी बाहेर गर्दीत टिकत नाही. बांद्र्याच्या टेकडीवर ८ सप्टेंबरच्या मरियाजयंतीनंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर मोत माउलीची जत्रा भरते. चढणीच्या दुतर्फा दुकानांत मेणाचे हात, पाय, डोकी, बाळे, घरे मांडलेली असतात. गुडघा दुखत असेल तर पाय घ्यायचा, भाड्याच्या खोलीला कंटाळला असाल तर घर. घेणाऱ्यांत ईस्ट इंडियन आणि गोवेकर असतात, तशाच कोळणी, गुजराती गृहिणी, मुसलमान आणि पारशीही. आराधना वेगळी आणि वंदन वेगळे, हे त्यातल्या कोणाला सांगायला जावे? मेणाचे घर हातात धरून चढणाऱ्या बाईला घर हवे आहे, आणि माउली ते देईल अशी तिची समजूत आहे. ही शेजारणीला केलेली विनंती राहत नाही. हा नवस आहे, देण्याघेण्याचा करार आहे. कॅथलिक चर्चला हे ठाऊक आहे. गर्दी मोठी, श्रद्धा खरी, म्हणून ते सहसा बोलत नाही.

नगर जिल्ह्यातल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना हे दृश्य का खटकते, ते समजून घेण्यासारखे आहे. त्यांचा आक्षेप जिनिव्हाहून आयात झालेला आहे, असे समजणे सोपे. पण अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ज्यांच्या पणजोबांनी देव्हाऱ्यातले टाक, कुळाचार आणि नवस सोडले, त्यांच्यासाठी ख्रिस्ती होणे म्हणजेच मागण्याची दारे बंद करून एकाच दारी उभे राहणे होते. त्यापायी भाऊबंदकी तुटली, पंगतीतले पान गेले. त्यांना माउलीपुढचे मेणाचे पाय दाखवून "हा केवळ आदर आहे" म्हणणे म्हणजे त्यांनी दिलेली किंमत विसरणे होय. उलट वसईच्या कॅथलिक घरात संध्याकाळी माळ जपणाऱ्या आजीला "तू मूर्तिपूजक" म्हणणेही तितकेच उद्धट. तिच्या जपातला निम्मा मजकूर लूकच्या शुभवर्तमानातूनच आलेला आहे.

प्रॉटेस्टंटांनी एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: संतिणी त्यांच्याकडेही आहेत. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिलला एक नाव येते, पंडिता मेरी रमाबाई, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार. अमेरिकेतले एपिस्कोपल चर्च त्यांची आठवण त्यांच्या मृत्युदिनी, ५ एप्रिलला, करते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटिजला, मरियेच्याच नावाने चाललेल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर प्रश्न विचारले. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसरे जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनीच तो हाणून पाडायचा प्रयत्न केला. आता त्याच चर्चच्या पंचांगात त्या सन्मानाने बसल्या आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल आश्रमातल्या बायकांनीच छापले. त्यांच्याकडे कोणी गुडघेदुखी घेऊन जात नाही. त्यांचे काम वाचले जाते, त्यांचा कित्ता सांगितला जातो. आउग्सबुर्गच्या कलमाला अपेक्षित होता तो हाच मान.

तेव्हा मागण्यापुरते बोलायचे, तर आमचे मत प्रॉटेस्टंट पारड्यात पडते. संतिणीला "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणण्यात शास्त्राचे फारसे बिघडत नाही, पण विनंतीचा नवस व्हायला वेळ लागत नाही. पाचशे वर्षांच्या अनुभवानंतर "लोकांना फरक कळतो" असे म्हणणे ही डोळेझाक आहे. व्हॅटिकनने बिरुदांना लावलेली कसोटी जत्रेलाही लावावी. ज्या प्रथेला दर वेळी खुलासा जोडावा लागतो, ती श्रद्धेच्या कितपत कामाची?

पण एवढ्यावर प्रॉटेस्टंटांची पाठ थोपटून थांबणे बरोबर होणार नाही. मूर्ती हलवली म्हणजे बाईला जागा मिळाली, असे झाले नाही. जर्मनीत मठ बंद पडले तेव्हा जोगिणींना एकच सन्मान्य वाट उरली, लग्नाची. निंब्शेनच्या मठातून १५२३ च्या ईस्टरला पळून आलेली काटारीना फॉन बोरा ल्यूथरची बायको झाली. तिने घर, शेत, दारूभट्टी, चाळीसेक पाहुणे सांभाळले आणि पाळकाची आदर्श पत्नी म्हणून तिचे नाव राहिले. मठात एखादी बाई लिहीत होती, कारभार पाहत होती, ती सोय गेली. व्यासपीठ मात्र मिळाले नाही. अमेरिकेत अँटोनेट ब्राउन हिला पाळकपदाची दीक्षा मिळायला १८५३ उजाडले. दुसरीकडे रोमने एका स्त्रीला स्वर्गाची राणी केले, आणि चर्चच्या आचार्यांच्या ३८ जणांच्या यादीत स्त्रिया आहेत चार. त्यातल्या पहिल्या दोघी, आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरिन, १९७० मध्ये आत आल्या. वेदीवर तर अजून कोणीच नाही. एकाने मूर्ती ठेवली, दुसऱ्याने काढली. बाईला गप्प बसवण्यात दोघांचे बऱ्यापैकी जमले.

याचा सर्वांत कठोर दाखला मग्दालाची मरिया. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू आधी तिला दिसतो आणि शिष्यांना सांगायला तिलाच पाठवतो. इसवी सन ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापिणीशी जोडले, आणि निरोप घेऊन धावलेली साक्षीदार पश्चिम युरोपात पश्चात्तापदग्ध वेश्या झाली. शतकानुशतके तिच्यापुढे मेणबत्त्या लागत होत्या, आणि त्याच वेळी तिची बदनामीही चालू होती. या वेगवेगळ्या बायका आहेत, असे लफेव्र देताप्ल या फ्रेंच पंडिताने १५१७ मध्ये लिहिले, तेव्हा सॉर्बोनने १५२१ मध्ये त्यालाच दोषी ठरवले. शास्त्र, केवळ शास्त्र म्हणणाऱ्यांनी तरी पाने उलटून पाहायला हवी होती. पण लंडनमध्ये १७५८ ला 'मॅग्डलेन' नावाने 'पतित' स्त्रियांसाठीचे सुधारगृह निघाले ते प्रॉटेस्टंटांचे. डब्लिनमध्ये १७६७ ला निघाले तेही प्रॉटेस्टंट बायकांसाठी. पुढे आयर्लंडच्या कॅथलिक जोगिणींनी याच नावाच्या धुलाईघरांत बायकामुली कोंडून बिनपगारी राबवल्या. १९२२ नंतरच्या काळातच त्यांची संख्या सुमारे १०,००० भरली. शेवटचे धुलाईघर १९९६ मध्ये बंद झाले आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांनी २०१३ मध्ये संसदेत माफी मागितली. मग्दालाच्या मरियेचा धावा करावा की नाही, यावर ज्यांचे कधी जमले नाही, त्यांचे तिच्या नावाने बायका कोंडण्यावर असे जमले. रोमने २०१६ मध्ये तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा केला, ही उशिराची पण खरी दुरुस्ती. प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून पापिणीची गोष्ट मात्र अजूनही तिच्याच नावावर खपते.

म्हणून या वादात तिसरा प्रश्न विचारायला हवा. संतिणीला काय म्हणावे, यावर दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले. ती स्वतः काय म्हणाली, त्याकडे लक्ष कोणी दिले? मरियेच्या तोंडी शुभवर्तमानांत मोजकेच शब्द आहेत. काना गावच्या लग्नात ती नोकरांना एवढेच सांगते की माझा मुलगा सांगेल तसे करा. या वाक्यात प्रॉटेस्टंटांचा सगळा मुद्दा आहे, आणि तो मरियेच्याच तोंडचा आहे. दुसरे तिचे गीत. गादीवरचे सत्ताधीश खाली ओढले जातात, भुकेल्यांना पोटभर मिळते, धनवंत रिकाम्या हाती परत जातात, असे ती पोटुशी पोर गाते. कॅथलिकांच्या सायंप्रार्थनेत हे गीत रोज आहे आणि अँग्लिकनांच्या संध्याकाळच्या उपासनेतही रोज आहे. दोन्ही चर्चमध्ये एकमत असलेला मरियेचा हा सन्मान, त्यासाठी ना सिद्धांत लागला ना मूर्तिभंजन.

बांद्र्याच्या टेकडीवर मेणाच्या घरांच्या दुकानांशेजारी हे गीत मराठीत, कोकणीत आणि गुजरातीत मोठ्या अक्षरांत लावायला कोणत्या परिषदेची परवानगी लागत नाही. आणि रमाबाईंचा दिवस पंचांगात छापणाऱ्या चर्चला, त्या दिवशी व्यासपीठ एखाद्या बाईकडे द्यायलाही लागत नाही. संतिणींवरून इतकी वर्षे भांडलेल्यांनी निदान एवढे करून दाखवावे. मग कोणाचा आदर खरा, ते आपोआप ठरेल.